गाडी फाटकाबाहेर गेली की

९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र पत्रेवाल्या काकूंनी भाजीच्या पिशवीतून आणून दिलं, चोरीचा माल असल्यासारखं. यापुढेही त्यांच्याच पत्त्यावर लिही. त्यांची शेड आपल्या वर्कशॉपला लागून आहे आणि त्यांच्या नवऱ्याला पत्रा ठोकण्यापलीकडे कशात रस नाही. फोन तेवढा करू नकोस. फोन टेबलावर आणि टेबलाशी अप्पा. तुझा आवाज आला की ते उठून बाहेर जातात, आणि मग दोन दिवस माझ्याशी फक्त पान्यांच्या नंबरात बोलतात. 'बारा दे. चौदा दे.' बस्स.

तर, नोकरीचं मी त्यांना सांगितलं. हो, मी! मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधली. म्हटलं, ताईच्या गावात एका बाईंचं मशीन शॉप आहे, मोठ्या लेथवर टर्नर हवाय, ताईने माझं नाव सांगितलंय. तुझं नाव निघाल्यावर त्यांनी हातातला फडका खाली ठेवला. मला वाटलं, आता पाना उडतो. पण नाही. म्हणाले, "जा की. मी कुठं बांधून ठेवलंय? फक्त तेवढा टेम्पो उभा करून जा. गाडी स्वतःच्या जोरावर फाटकाबाहेर गेली की तू मोकळी. हा माझा शब्द."

अप्पांचा शब्द म्हणजे काय ते तुला मी काय सांगू? 'गेलीस तर या फाटकात परत पाऊल टाकू नकोस' हाही त्यांचाच शब्द होता, आणि तूही त्यांचीच लेक, टाकलं नाहीस. मधल्या मधे मी.

टेम्पोचं जुनं इंजिन गेल्या वर्षी फुटलं. भंगारवाल्या काकांकडून अप्पांनी बोटीतलं एक डिझेल इंजिन उचललंय. दणकट आहे, फार वापरलेलंही नाही. ते आलं त्या दिवशी मी बेअरिंग आणायला बाजारात गेले होते, तेवढ्यात त्यांनी ते स्टँडवर चालू करून बघितलं. म्हणाले, घड्याळासारखं चालतंय. गिअरबॉक्स मात्र टेम्पोचा जुनाच ठेवायचा. आता इंजिन एका घरचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा. बोल्टांची भोकं जुळत नाहीत, मधलं अंतर जुळत नाही, गिअरबॉक्सचा दांडा इंजिनात जिथं टेकायचा तिथं खाचच नाही. दोघांच्या मधे एक जाड लोखंडी प्लेट बनवायची, तिच्या एका अंगाला याची भोकं, दुसऱ्या अंगाला त्याची. लग्न जमवणाऱ्या मामांसारखं काम आहे, दोन्हीकडच्या शिव्या खाणारं.

त्या बाईंना सांग, मार्चअखेर येते. जागा ठेवा म्हणावं. प्लेटच तर आहे एक.

अप्पांचे हात कसे आहेत, असं विचारलंस. ठीक आहेत.

तुझी टिकली


२ फेब्रुवारी

ताई,

एकच प्लेट आहे असं मी म्हणाले होते ना? जीभ झडो माझी.

पहिली प्लेट मी मापं घेऊन कापली, भोकं पाडली, मधलं मोठं भोक लेथवर फिरवलं. दिसायला इतकी देखणी, की काकू म्हणाल्या, भिंतीवर लाव. अप्पांनी डायल लावायला सांगितला. तो काट्याचा गेज गं, फ्लायव्हीलवर, इंजिनमागच्या त्या जड चाकावर, चिकटवायचा, त्याचं बोट प्लेटच्या भोकाला टेकवायचं, आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवायचं. काटा हलला नाही तर प्लेट मधोमध. काटा नाचला तर इंजिनचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत नाही, आणि गाडी चालू लागली की गिअरबॉक्स स्वतःचीच बेअरिंग खात सुटतो. आमचा काटा नाचला. अगदी थोडा.

"चालेल की एवढं," मी म्हटलं.

"चालेल ना. पाच-सहा महिने चालेल," अप्पा म्हणाले. "नंतर लोक विचारतील, हे कुणी बनवलं. काय सांगू? माझ्या मुलीने, जिला घाई होती?"

असं बोलतात बघ. मारत नाहीत, ओरडत नाहीत, नुसती टाचणी टोचून ठेवतात. मी दुसरी कापली. दुसरीला गिअरबॉक्सची बाजू बरोबर आली तर तिची जाडी कमी पडली. क्लच दाबायला जागाच उरेना. आता तिसरी चालू आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, नकटी मीच.

आणि एक सांगते, हसू नकोस. मला हे काम आवडतं. राग येतो, तरी आवडतं. परवा तिसऱ्या प्लेटचं भोक फिरवताना कापलेल्या लोखंडाची चकाकती तार अखंड निघत होती, तुटायला तयार नाही. अप्पा मागे उभे होते, काही बोलले नाहीत. न बोलणं हीच त्यांची शाबासकी. मग मला इथून जायचंय कशाला, असं तू म्हणशील. ताई, सकाळी शेडचं शटर वर करायला मला आवडतं, पण ते शटर दुसऱ्या कुणाचं तरी असायला हवंय. इथं मी उठते ती त्यांच्या खोकल्याने, झोपते ती त्यांच्या खोकल्याने, आणि मधे जे काही करते ते त्यांच्या नजरेखाली. आंघोळीला वेळ लागला तर दारावर टकटक. तीस वर्षांची घोडी झाले मी.

टिकली


२३ फेब्रुवारी

ताई,

'फाटकाला कुलूप आहे का?' एवढं एकच वाक्य लिहायला तू पाकीट वाया घालवलंस!

नाही. कुलूप नाही. कडीसुद्धा धड लागत नाही, दगड लावावा लागतो. झालं समाधान? तुझं बरं आहे. तू गेलीस तेव्हा घरात आई होती, अप्पांचा दंड मांडीएवढा होता, आणि मी होते. तुझ्यामागे घर रिकामं नव्हतं. माझ्यामागे कोण आहे, सांग.

त्यांच्या हातांचं मी खोटं लिहिलं होतं. ठीक नाहीत. थरथरतात. आधी उजवा होता, आता दोन्ही. कप मी अर्धाच भरते, तरी बशीत चहा येतो. गिऱ्हाईक आलं की हात खिशात. डायलचं बोट ते टेकवूच शकत नाहीत, काटा इंजिनमुळे हलतोय की त्यांच्या हातामुळे तेच कळत नाही, म्हणून डायल मी धरते आणि ते आकडे वाचतात. गेल्या आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक आलं, पंप दुरुस्तीला. अप्पा त्याला म्हणाले, "हल्ली बारीकसारीक कामं मी पोरीकडे सोपवलीयत, तिचाही हात बसायला हवा." माणूस गेल्यावर माझ्याकडे बघेनात. मी लेथ चालू करून टाकलं, उगाचच, रिकामं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. हा आजार बरा होत नाही, हळू होतो म्हणाले.

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. राहिले तर मी वेडी होईन. गेले तर वर्कशॉप बंद, आणि हा माणूस त्या टेबलाशी फोनकडे बघत बसणार, ज्यावर तुझा फोन आला तर उठून जायचं हेच एक काम त्याला उरेल. मला सांग काय करू. शहाणपण नको, उत्तर दे.

काम मात्र झालंय. तिसरी प्लेट बसली. काटा हलला नाही! फ्लायव्हील पूर्ण फिरवलं, काटा मेल्यासारखा गप्प. दांड्याचं टोक टेकायला पितळी बूश बनवून इंजिनच्या मागच्या टोकात ठोकलं. क्लचची भोकं नवी पाडली. परवा गिअरबॉक्स साखळीने उचलून आत ढकलला, आणि तो स्वतःहून खट्कन बसला, पाना न लावता. अप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं खूश झाले. आता पाणी, डिझेल, वायरिंग, आणि मग चालू करायचं. त्याआधी नाही म्हणतात, पाण्याशिवाय चालवून इंजिन गरम करायचं नाही. बरोबरच आहे ते.

बाईंना सांग, मी येतेय.

टिकली


१५ मार्च

ताई,

हसायचं की रडायचं तूच ठरव.

काल गाडी चालू केली. तुला आठवत असेल, टेम्पो शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा असतो, फाटकाकडे पाठ. पत्रेवाले काका-काकू, पलीकडचा रंगारी, सगळे बघायला जमलेले. मी सीटवर, अप्पा खाली, हात खिशात. इंजिन एका झटक्यात लागलं. काय आवाज, ताई! छातीत भरला. मी क्लच दाबला, बाहेर काढायचा म्हणून रिव्हर्स टाकला, क्लच सोडला.

टेम्पो पुढे गेला. सरळ भिंतीवर! आधी टेबल आडवं झालं, टेबलावरचा फोन गेला, मग बंपर विटांत रुतला. मी बंद केला. वाटलं, घाईत चुकीचा गिअर पडला. परत चालू केला, गिअरचा दांडा नीट बघून पहिला टाकला, जरासा क्लच सोडला. टेम्पो मागे आला.

रंगाऱ्याला आधी कळलं. म्हणाला, "अहो, चार गिअर मागे आणि एक पुढे! सरकारी कामाला द्या ही गाडी." सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. इंजिन उलटं फिरतं. मोठ्या बोटीत दोन इंजिनं असतात, एक उजवं फिरणारं, एक डावं, म्हणजे बोट एका बाजूला ओढत नाही. आपल्या नशिबी डावं आलं. एवढी प्लेट, एवढा डायल, केसाएवढं सेंटर, आणि अख्खं इंजिनच उलटं!

फक्त अप्पा हसले नाहीत. चिडलेही नाहीत. ताई, हरवलेल्या नटासाठी अख्खी दुपार शिव्या देणारा हा माणूस. शांतपणे म्हणाले, "काही बिघडलं नाही. मागचा एक्सल सोडवायचा आणि पालथा करून बसवायचा. मग चाकं सुलट फिरतील. स्प्रिंगच्या बैठका कापून दुसऱ्या अंगाला वेल्ड कराव्या लागतील, तेलाचं भोक वर येईल ते खाली घ्यावं लागेल. दोन-अडीच महिन्यांचं काम आहे." आणि माणसं पांगायच्या आत त्यांनी मला जॅक लावायला लावला. संध्याकाळपर्यंत मागची चाकं काढून भिंतीला टेकवली होती.

अडीच महिने. मी बाईंना काय सांगू? तूच सांग काहीतरी. रात्री जेवले नाही. ते जेवले, अगदी नीट.

टिकली


२३ मार्च

ताई,

काल भंगारवाले काका आले, जुनं इंजिन न्यायला. चहा दिला. चाकं काढून उघडा पडलेला एक्सल बघून म्हणाले, "शेवटी पालथा करताय होय? तरी मी म्हटलंच होतं तुझ्या बापाला."

"काय म्हटलं होतं?"

"अगं, जोडी होती माझ्याकडे. डावं नि उजवं, दोन्ही शेजारी शेजारी पडलेली, भाव तोच. म्हटलं, गाडीत घालायचं तर उजवं घे, डावं उलटं फिरतं. तर म्हणाला, नाही, मला हेच हवं. मी म्हटलं, असेल काहीतरी डोक्यात, मोठा कारागीर आहे."

काका गेले. अप्पा शेडच्या टोकाशी खुर्चीवर होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"इंजिन उलटं आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"विकत घेतलं तेव्हापासून." ताई, खोटंसुद्धा बोलले नाहीत! बोलले असते तर मला नीट भांडता आलं असतं.

"आणि मला प्लेटा कापायला लावल्या? तीन-तीन?"

"प्लेटा तर लागणारच होत्या. उजव्यालाही लागल्या असत्या. वाया काही गेलं नाही." मग म्हणाले, "शब्द मी मोडलेला नाही. गाडी बाहेर गेली की तू मोकळी म्हणालो होतो. कधी जाईल ते म्हणालो नव्हतो."

मी जे तोंडाला येईल ते बोलले. लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "लाज नाही वाटत?"

"वाटते," म्हणाले. "तू डायल धरतेस तेव्हा फार वाटते. मोठी गेली तेव्हा मला वाटलं होतं, चार दिवसांनी येईल. मीच दार लावून घेतलं, आणि मग मलाच ते उघडता येईना. तेव्हा निदान हातात काम होतं, काम करत राहिलो. आता तू गेलीस की मी काय करू? या हातांनी काय करू? सांग की."

त्यांनी हात खिशातून काढून माझ्यापुढे धरले. आजवर कधी धरले नव्हते.

"मग थांब म्हणायचं होतं सरळ," मी म्हटलं.

"म्हणालो असतो तर थांबली असतीस."

"असते."

"म्हणूनच नाही म्हणालो. भीक मागून पोरगी ठेवायची का?"

आता बोल. भीक मागायची नाही म्हणून फसवलं. माझा बाप आहे हा. मी बाहेर गेले आणि काकूंच्या शेडमागे बसून रडले, आणि सगळ्यात जास्त रडू कशाचं आलं माहितीय? थांब म्हणाले असते तर थांबले असते, हे खरं आहे याचं.

टिकली


२७ मार्च

ताई,

हे पत्र तुला आमच्या आधी पोचायला हवं, म्हणून आजच टाकतेय. नीट वाच आणि काकूंच्या फोनवर लगेच उत्तर दे, आपला तर त्या दिवशी टेबलाबरोबर गेला.

एक्सल अजून सोडवलेला नव्हता, आज सकाळी मी मागची चाकं परत बसवली. अप्पा खुर्चीवर बसून बघत होते. काय चाललंय असं विचारलं नाही. तिसरा नट आवळताना म्हणाले, "समोरासमोरचे आवळ, ओळीने नको." तेवढंच. मी जॅक काढला, सीटवर बसले, चालू केला, आणि पहिला गिअर टाकला.

गाडी मागे निघाली. फाटक मागेच आहे ना! पुढे जायची मला गरजच नव्हती, आणि ती गोष्ट आम्हा दोघांनाही, मोठ्या कारागिरांना, इतके दिवस सुचली नव्हती. किंवा त्यांना सुचली असेल, म्हणूनच चाकं एवढ्या घाईने काढायला लावली. काकू रस्त्यात उभ्या राहून हात हलवत होत्या, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे!" टेम्पो स्वतःच्या जोरावर शेडमधून निघाला, आवारातून गेला, फाटकातून बाहेर पडून रस्त्यावर उभा राहिला. प्लेट हूं की चूं करत नव्हती. क्लच लोण्यासारखा.

अप्पा फाटकाच्या आत उभे होते. चाकांकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. म्हणाले, "गेली. शब्द म्हणजे शब्द. जा." आणि आत वळले.

मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. जिंकले होते ना मी? बॅग आत होती, ती आणायला त्यांच्यासमोरून जावं लागणार होतं.

बऱ्याच वेळाने पलीकडचं दार उघडलं. अप्पा. इस्त्रीचा शर्ट, दाढी करताना हनुवटीला दोनदा कापलेलं, हातात त्यांची पिशवी आणि माझी बॅग. चढता येईना, मी हात दिला. बसले, दार ओढून घेतलं.

"कुठं?" मी विचारलं.

समोर बघत म्हणाले, "मोठीला मी फाटकात येऊ नकोस म्हणालो होतो. मी तिच्याकडे जाणार नाही, असं कधीच म्हणालो नव्हतो."

मला आनंद झाला असं लिहायला हवं. नाही झाला. ज्यांच्यापासून सुटायला निघाले तेच बॅग घेऊन शेजारी बसलेले. मग त्यांची हनुवटी दिसली आणि रागही धड टिकेना. म्हटलं, "अप्पा, ही गाडी तिथवर मागे मागे जाणार आहे का?" तर म्हणाले, "एसटी नसते का?" आणि हसले. किती वर्षांनी!

तर शनिवारच्या बसने आम्ही दोघं येतोय. टेम्पो रस्त्याच्या कडेला लावलाय, काकू लक्ष ठेवतील. मी सोमवारी कामावर हजर होईन, बाईंना सांग. दार तू स्वतः उघड, भाऊजींना पाठवू नकोस. काय बोलायचं ते कळलं नाही तर काही बोलू नकोस, पण उभी राहा.

आता मागायचं ते मागते. त्यांना ठेवून घे. नुसता पाहुणचार करून परत धाडू नकोस. कप अर्धा भर, हातांकडे बघू नकोस, एखादं बिघडलेलं काहीतरी समोर ठेव, ते सांगतील, तू कर. मला एक खोली घेऊ दे, जिथं कुणाच्या खोकल्याने जाग येणार नाही. रोज संध्याकाळी मी येईन तुमच्याकडे, नक्की येईन, पण येईन आणि जाईन.

तू नाही म्हणालीस तर ते एक शब्द न बोलता परतीच्या बसमध्ये बसतील. मला थांबवणार नाहीत, बरोबर चल म्हणणार नाहीत. मीच जाऊन शेजारी बसेन. मी मला ओळखते, ताई. म्हणून नाही म्हणू नकोस.

टिकली